टीव्ही बंद करा, मग बोला: उतारवयात लक्ष का फाटतं आणि घरात काय बदलायचं

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घरात हमखास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष तिथंच असतं. त्यात शेजारच्या चार गोष्टी शिरलेल्या असतात, एवढंच. खळ्यावर उफणताना वारा पडला की काय होतं ते आठवा. दाणे तेवढेच खाली येतात, पण भुसा उडून जात नाही, तोही राशीत पडतो. म्हातारपणी मेंदूचं बऱ्याच अंशी असंच होतं. हवं ते आत घेण्याची ताकद बरीच टिकून राहते, नको ते बाहेर ठेवण्याची कमी होते. म्हणून "नीट लक्ष द्या" असं दहादा सांगून फारसं काही साधत नाही. भुसा कमी केला तर साधतं. खालचं सगळं त्या भुशाबद्दल आहे.

लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली हा विचार नीट मांडला. २००५ मध्ये अ‍ॅडम गॅझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मेंदूच्या स्कॅनवर तपासला. माणसांना चेहरे आणि निसर्गदृश्यं आलटून पालटून दाखवली आणि सांगितलं, फक्त चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा. तरुणांच्या मेंदूत दृश्यं ओळखणाऱ्या भागाचं काम त्या वेळी दाबलं गेलं. वयस्क मंडळींच्या मेंदूत हव्या गोष्टीसाठीचं काम तरुणांसारखंच वाढलं, पण नको असलेल्या गोष्टीसाठीचं काम कमी झालं नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग ही गाळणी चालवतो. वयानुसार तो इतर भागांपेक्षा लवकर झिजतो, आणि त्याला जोडणाऱ्या तारा वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबानं आणखी खराब होतात.

एक बाब प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही संशोधकांच्या मते गाळणीपेक्षा मेंदूचा एकूण वेग मंदावणं हेच मूळ कारण आहे. हा वाद मिटलेला नाही. घरातल्या व्यवस्थेपुरतं मात्र दोन्हींचं उत्तर एकच येतं: एका वेळी एक गोष्ट, आणि तिला पुरेसा वेळ.

आधी ओळखा: अडथळा बाहेरचा की आतला

बाहेरचा अडथळा दिसतो आणि ऐकू येतो. मे महिन्यात घरघरणारा कूलर, मोठ्या आवाजातला टीव्ही, नातवंडांचा मोबाइल, गल्लीतून जाणारा भोंगा.

आतला अडथळा जुन्या माहितीचा असतो, आणि तोच जास्त चकवतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही ज्येष्ठाला अर्ज भरायला बसवा. आजच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या बाजूच्या माणसाच्या तोंडी "जिल्हा उस्मानाबाद" पटकन येतं, कारण १९८२ पर्यंत लातूर हा वेगळा जिल्हाच नव्हता. जालना १९८१ मध्ये औरंगाबादमधून वेगळं झालं, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. त्यावर २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नवीन नाव माहीत नसतं असं नाही. जुनं नाव चाळीस-पन्नास वर्षं जिभेवर घोळलेलं असतं आणि ते आधी धावत येतं. त्याला मागं ढकलायलाच वेळ लागतो. हा विसराळूपणा नव्हे, दोन उत्तरांची झटापट आहे. बदललेला पिन, बदललेला फोन नंबर, बदललेली गोळी, सगळीकडे हेच घडतं.

आतल्या अडथळ्यावर उपाय एकच: जुनं डोळ्यांसमोरून काढा. डायरीत जुना नंबर खोडून त्याच्या शेजारी नवा लिहू नका, पान फाडा आणि नव्या पानावर एकच नंबर लिहा. एटीएमचा पिन बदलायचा असेल तर जुन्यातलेच आकडे पुढं-मागं करून ठेवू नका, जुन्याशी अजिबात न जुळणारा घ्या. आधार कार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये एक चिठ्ठी घाला: गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, आजच्या नावांसह. वीस आणि दोनशेच्या नव्या नोटा दोन्ही पिवळटच आहेत. त्या एका कप्प्यात ठेवल्या की संध्याकाळच्या उजेडात चूक ठरलेली. दोनशेची नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात किंवा बंडीच्या आतल्या खिशात ठेवा.

घरी करायची एक छोटी चाचणी

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही युक्ती आजही जगभर वापरतात. मराठी वाचता येणाऱ्यांसाठी ती अशी करा.

दोन कोरे कागद आणि लाल, निळा, हिरवा, काळा असे चार स्केचपेन घ्या. पहिल्या कागदावर चार रंगांचे २४ ठिपके काढा, प्रत्येकी रुपयाच्या नाण्याएवढे, सहा-सहाच्या चार ओळींत, रंग उलटसुलट. दुसऱ्या कागदावर तितक्याच ओळींत २४ शब्द लिहा: लाल, निळा, हिरवा, काळा. प्रत्येक शब्द त्याच्या नावापेक्षा वेगळ्या रंगात हवा. "लाल" हा शब्द हिरव्या शाईत, "काळा" निळ्या शाईत, अशा रीतीनं. अक्षरं बोटभर उंचीची काढा.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात बसवा. आधी पहिल्या कागदावरच्या ठिपक्यांचे रंग सांगायला लावा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सेकंद मोजा. इथंच निळा-हिरवा चुकत असेल तर पुढं जाऊ नका, मोतीबिंदू तपासून घ्या. मोतीबिंदूनं निळे रंग मळतात आणि चाचणी फसवी ठरते. मग दुसरा कागद द्या आणि सांगा: "शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा." दोन-तीन शब्दांचा सराव करून घेऊन पुन्हा वेळ मोजा. "लाल" वाचून जीभ "ला..." म्हणते, अडखळते आणि मग "हिरवा" म्हणते, तो अडखळण्याचा क्षण म्हणजेच अडथळा ओलांडणं. तुम्हालाही तो जाणवेल, करून बघा.

दुसऱ्या कागदाचे सेकंद पहिल्या कागदाच्या सेकंदांनी भागा. २० आणि ३८ सेकंद लागले तर उत्तर १.९ येतं. नुसती वजाबाकी करू नका. ज्याचा एकूण वेगच कमी आहे त्याचा फरक आपोआप मोठा दिसतो, भागाकारानं हा दोष बराचसा जातो. हा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी लावू नका आणि त्यावरून कुठल्या आजाराचं निदान करू नका. त्याच माणसाची तीन महिन्यांनी, त्याच वेळेला, त्याच कागदांवर पुन्हा चाचणी घ्या आणि आकडा लिहून ठेवा. त्याचा उपयोग तेवढाच, पण तो खरा.

वाचता येत नसेल तर टिचकीचा खेळ घ्या. पाटावर बसून सांगा: "मी एकदा वाजवलं की तुम्ही दोनदा वाजवायचं, मी दोनदा वाजवलं की तुम्ही एकदा." एक-एक-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक-एक-दोन असं दहा वेळा करा. आता नियम बदला: "मी एकदा वाजवलं की तुम्हीही एकदा, मी दोनदा वाजवलं की हात हलवायचाच नाही." त्याच क्रमानं पुन्हा दहा वेळा. पहिल्या फेरीतल्या चुका सहसा थोड्या असतात. दुसऱ्या फेरीत हात जुन्या नियमानं उठायला बघतो. एक-दोन चुका होणं साधारण आहे. नियम तोंडपाठ सांगता येतो आणि तरी हात प्रत्येक वेळी उठतोच, असं दिसलं तर डॉक्टरांना ते नेमकं याच शब्दांत सांगा.

बोलण्याची पद्धत

घरातला निम्मा तंटा इथंच सुटतो. बऱ्याच घरांत संवाद असा चालतो. कूलर सुरू आहे, टीव्हीवर मालिका चालू आहे, मुलगा चपला घालता घालता दारातून ओरडतो: "आई, पासबुक कुठं ठेवलंस, आधारही काढून ठेव, अन् हां, मामाचा फोन आला तर सांग की रविवारी येतो." आई हो म्हणते. संध्याकाळी यातलं एकही काम झालेलं नसतं आणि दोघंही चिडलेले असतात.

हे असं करा. कूलर कमीवर घ्या, टीव्ही बंद करा. नुसता आवाज कमी करून भागत नाही, हलतं चित्रही लक्ष ओढतं. समोर, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागं खिडकी नको, ओठ दिसले पाहिजेत. आधी हाक मारा, नजर मिळू द्या, मग बोला: "आई, पासबुक काढ." पासबुक हातात आलं की पुढचं काम सांगा. निरोप असेल तर तो परत म्हणून घ्या, पण "काय सांगितलं मी?" असं मास्तरासारखं विचारू नका. "मामाला काय सांगशील मग?" असं विचारा. काम तेच होतं आणि मान राहतो.

ओरडू नका. वयानं आधी जातात ते स, श, फ, त यांसारखे पातळ आवाज, आणि ओरडल्यानं स्वर मोठे होतात, हे आवाज नाहीत. "सात" आणि "आठ" ओरडून सांगितले तरी सारखेच ऐकू येतात. "सायंकाळी सात, दिवाबत्तीच्या वेळेला" असं जोडून सांगा. कान हा इथला फार मोठा भागीदार आहे. शब्द ओळखण्यातच मेंदूची ताकद खर्ची पडली तर नको ते गाळायला काही उरत नाही. म्हणून स्मरणशक्तीची तक्रार घेऊन जाण्याआधी कानातला मळ काढून घ्या आणि कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. श्रवणयंत्र घेतलं तर ते रोज, अगदी घरातही लावलं पाहिजे. लग्नापुरतं लावलेलं यंत्र नुसता कलकलाट वाढवतं, कारण मेंदूला त्या आवाजांची सवय झालेली नसते.

गोळ्या: इथं चूक महाग पडते

"सकाळची गोळी घेतली का?" हा प्रश्न अवघड का, ते बघा. गोळी रोज त्याच वेळी, त्याच पाण्यानं, त्याच ठिकाणी घेतली जाते. कालची आठवण आणि आजची आठवण हुबेहूब सारख्या, म्हणून त्या एकमेकींत मिसळतात. माणूस खरंच आठवतो, पण आठवतं ते कालचं. मग गोळी राहते किंवा दोनदा घेतली जाते. साखरेवरची ग्लिमेपिराइड दोनदा पोटात गेली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आठवणीवर विसंबू नका, खूण दिसली पाहिजे. सात दिवसांचा, सकाळ-संध्याकाळ असे चौदा कप्पे असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो. ठरावीक वारी, समजा रविवारी सकाळी, टीव्ही बंद ठेवून एकानं गोळ्या भरायच्या आणि दुसऱ्यानं चिठ्ठीशी ताडून बघायच्या. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, प्रश्नच उरत नाही. डबा एकच ठेवा. देवघरात एक आणि उशाशी एक असे दोन डबे झाले की सगळी खूण मोडते.

गडबड होते ती साधारण चार ठिकाणी. मेडिकलवाला त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी देतो, रंग बदलतो, आणि घरात जुनं अर्धं पाकीटही शिल्लक असतं. मग दोन्ही घेतल्या जातात. नवीन पाकीट आलं की त्यावरचं औषधाचं मूळ नाव जुन्याशी जुळवा आणि जुनं पाकीट घरातून काढा. दुसरं, गजर. हात पिठात असताना गजर वाजतो, तो बंद होतो आणि गोळी राहते. गजर लावायचाच तर डब्याजवळ लावा आणि गोळी तोंडात गेल्यावरच बंद करायचा असं ठरवा. तिसरं, घड्याळाची वेळ. "आठ वाजता" यापेक्षा "देवाला दिवा लावला की" हे कितीतरी पक्कं बसतं, कारण वेळेवर सतत नजर ठेवावी लागते, दिवा स्वतःच आठवण देतो. हे वाक्य मोठ्यानं तीनदा म्हणायला लावा: "दिवा लावला की डबा उघडते, गोळी घेते, मग चहा." पोरखेळ वाटेल, पण "अमुक झालं की तमुक करीन" असं आधीच ठरवून म्हटल्याचा वयस्कांना फायदा होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. चौथं, शंका. घेतली की नाही हे कळत नसेल तर अंदाजानं दुसरी घेऊ नका. प्रत्येक गोळीसाठी "राहिली तर काय करायचं" हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

शेत, रस्ता, फोन

चालणं आणि बोलणं ही म्हातारपणी दोन वेगळी कामं होतात. तरुण माणूस चालण्याकडे लक्ष देत नाही, वयस्क माणसाला ते द्यावं लागतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की बोलायला लागलं की चालता चालता थांबणारे वृद्ध पुढच्या काळात जास्त पडतात. म्हणून सोबत चालताना पायऱ्या, ओसरीचा उंबरा, रस्ता ओलांडणं आलं की तुम्ही गप्प व्हा, आणि त्यांना म्हणा, "थांबून बोलू." मोंढ्यात ट्रॅक्टर-टेम्पोच्या मधून जाताना आलेला फोन उचलू नका, कडेला उभं राहून परत लावा.

फवारणीत मोजणी चुकते. पाठीवरचा पंप भरताना कुणी हाक मारली की औषध टाकलं की नाही हेच कळत नाही. डाव्या खिशात जेवढे पंप मारायचे तेवढे खडे घ्या. औषध टाकलं की त्याच क्षणी एक खडा उजव्या खिशात टाका, मग पाणी भरा. क्रम उलटा करू नका. हातमोजे घालून खडे सुटत नसतील तर बांधावर दोन वाट्या ठेवा.

ओटीपी, पिन असे आकडे विचारणारा फोन आला की एकच नियम: बोलता बोलता एकही आकडा वाचून दाखवायचा नाही. ठग मुद्दाम सलग बोलत राहतो, कारण त्या बोलण्याला उत्तर देताना संशय घ्यायला जागाच राहत नाही. फोन कापा, पाणी प्या, घरातल्या माणसाला सांगा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

बँक, रजिस्ट्री, डॉक्टर अशी डोक्याची कामं सकाळीच ठेवा. बहुतेक ज्येष्ठांचा मेंदू सकाळी ताजा असतो आणि नको ते गाळण्यातला फरक दुपारनंतर जास्त जाणवतो. उन्हाळ्यात तर अकरानंतर ऊन आणि कमी पाणी यांची भर पडते.

सराव कशाचा करायचा

मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपवर पैसे घालू नका असंच आमचं मत आहे. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ज्या कौशल्याचा सराव दिला, प्रामुख्यानं तेच सुधारलं. कोडी सोडवायला आवडत असतील तर जरूर सोडवा, आनंदासाठी.

चालण्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा महिने दमसासाचं चालणं केलेल्या ज्येष्ठांना आजूबाजूच्या चुकीच्या खुणा टाळून मधली खूण ओळखणं सोपं गेलं, नुसते ताण देणारे व्यायाम केलेल्यांना तितकं नाही. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवत आठवड्यातून तीन दिवस चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपर्यंत न्या. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. हृदयाचा त्रास किंवा गुडघेदुखी असेल तर आधी विचारून घ्या.

डॉक्टरकडे कधी, काय घेऊन

गोंधळ काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक वाढला, माणूस रात्री बरळू लागला किंवा दिवसा सुस्त पडून राहिला, तर हे वय नव्हे. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं किंवा नवीन औषध, यांपैकी काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

हळूहळू वाढणाऱ्या तक्रारीत तीन गोष्टी वेगळ्या काढा: ओळखीच्या वाटेवर चुकणं, आयुष्यभर सांभाळलेला हिशेब जमेनासा होणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणं. यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दाखवता येतं. मन घाबरलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

सोबत सगळी औषधं एका पिशवीत न्या, काढे आणि चूर्णंसुद्धा. सर्दीच्या काही गोळ्या, नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवी धरून ठेवण्याच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या लक्ष बोथट करतात, आणि पिशवी पाहिल्याशिवाय ते डॉक्टरांना कळत नाही. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे विचारा. माळकरी, शाकाहारी घरांत, शिवाय वर्षानुवर्षं साखरेवरची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी चालू असेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता वाढते, आणि ही कमतरता भरून काढता येते.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर अण्णांना किंवा आईला देऊ द्या. पाच-सात सेकंद काहीच उत्तर येणार नाही. त्या वेळात तुम्ही "नाही हो, त्यांना आठवत नाही" असं बोललात तर त्यांच्या मनात जुळत आलेलं उत्तर तिथंच तुटतं. तुमच्या नोंदींचा कागद आधीच टेबलावर ठेवा आणि सेकंद मनातल्या मनात मोजत गप्प बसा.